हसनभाई आधी सांगून ठेवायचे

हसनभाई मुलाणी खोटं बोलले, असं ज्यांनी मानलं त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. एखाद-दुसरा असेल, त्याला ती सभा आठवत असेल की नाही कोण जाणे. म्हणजे मी हे लिहायला बसलो आहे ते कुणी तोंडावर थुंकण्याची भीती उरली नसताना. याला धैर्य म्हणत नाहीत, हे मला कळतं.

मी हल्ली मुलाकडे पिंपळे सौदागरला असतो. दवाखान्यात जाताना गाडी डांगे चौकात सिग्नलला थांबते. मुलगा मोबाइल बघत असतो, आणि मी उजवीकडच्या दुकानांच्या गर्दीत थेरगावातलं एक घर शोधत असतो, जे आता तिथे असणं शक्य नाही. दगडमातीचं, दोन खणांचं, दारात शेवग्याचं झाड. त्या दारात हसनभाई सायकल उलटी करून चेन बसवत असायचे.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीला तेव्हा मोजके कारखाने, निर्वासितांची छावणी आणि बाकी बाजरीची रानं. आमची कंपनी लोखंडाचं ओतकाम करायची. मी हजेरी घेणारा कारकून, विशी ओलांडलेला, चिंचवडात एका खोलीत राहणारा. हसनभाई भट्टीवर होते. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. उंच, वाळलेले, डोक्यावर घामानं कडक झालेली गोल टोपी. बोलताना उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेराशी घासायची सवय. तिथे एक जुना घट्टा होता. भट्टीवरच्या कामाचा असेल असं मला वाटायचं. तो सुरीचा होता.

त्यांच्या घराण्याकडे गावची मुलाणकी होती. जत्रेत, नवसाला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बकरं पडायचं ते यांच्या सुरीखाली. मुलाण्यानं कापल्याशिवाय थेरगावात कुणी मटण खात नसे, मग तो कितीही देवभोळा मराठा असो. त्या बदल्यात वाट्याचं मटण आणि सुगीला धान्य. बापानंतर ते काम हसनभाईंकडे आलं आणि त्यांनी ते काही वर्षं चोख केलं. मग एका जत्रेची पातेली घासून पालथी पडली असतील-नसतील, तोच हे पाटलांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले.

"पाटील, फुडल्या जत्रंला म्या सुरी धरनार न्हाई. आधी सांगून ठेवतु."

पाटलांना वाटलं, वाट्यावरून रुसला. "का रं? वाटा कमी पडला व्हय?"

"न्हाई जी. वाटा झ्याक."

"मग काय आमी देवीला भेंडी कापायची?"

"दुसरा मानूस बघा. म्हनून तर वरीसभर आधी सांगतुय."

पाटलांनी वर्षभर वाट पाहिली, की हा विसरेल. जत्रेच्या दिवशी बकरं दारात बांधलेलं आणि हसनभाई पाणी वाढायला हजर, हातात तांब्या. त्यांनी कुणाला खाऊ नका म्हटलं नाही. पंक्तीत फिरून पाणी वाढलं. ऐनवेळी चिंचवडातून त्यांच्या चुलतभावाला सायकलवर बसवून आणावं लागलं. पुढे मुलाणकी त्या चुलतभावाकडेच गेली. गावानं हसनभाईंचं नाव 'पानीवाला मुलानी' ठेवलं. ते त्या नावालाही ओ द्यायचे.

हे सारं मला त्यांच्या बायकोनं, जैनबींनी, सांगितलं. सांगताना त्यांचा राग ताजा होता. "साऱ्या गावाला आधी सांगून ठेवत्यात. पाटलाला सांगितलं, चुलतभावाला सांगितलं. घरात मला कळलं तवा पानवठ्यावर बाया हसत हुत्या."

हसनभाई खाली मान घालून चेन बसवत होते. "हिला आधी सांगितलं असतं तर हिनं सांगूच दिलं नसतं," ते मला म्हणाले. मग जरा वेळानं, "त्ये चुकलंच माजं."

सुरी का सोडली, हे मी विचारलं होतं. मला अपेक्षा होती रक्ताची, दयेची, फाळणीच्या दिवसांत कुठे काही पाहिल्याची. ते म्हणाले, "कापताना तोंडात अल्लाचं नाव असतंय. असायला पायजे. एक डाव हात चालला हुता आन् मी शेजारच्याला कांद्याचा भाव इचारत हुतो. कापून झालं, आन् ध्यानात आलं, मी तितं नव्हतोच. कुनाचा तरी जीव गेला आन् मी बाजारात हुतो." अंगठा पेरावर घासला गेला. "भ्यालो, कारकून. हात सवयीनं चालाया लागला की मानूस काय बी कापंल."

मी पुस्तकं वाचणारा होतो. अहिंसेवर वाचलेलं पुष्कळ होतं. पण तिची व्याख्या कांद्याच्या भावावरून कुणी केलेली मी तोवर ऐकली नव्हती, नंतरही नाही.

आधी सांगून ठेवायची ही खोड त्यांना कुठून लागली ते ठाऊक नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्याला आपल्या करण्याचा त्रास होणार, त्याला ते आधी कळलं पाहिजे. "आंधारात मारलेला दगूड ज्याला लागतु त्याला आपलं त्वांड तरी दिसाया पायजे का न्हाई?" यावर भट्टीवरची पोरं म्हणायची, "हसनभाई मरायच्या आधी यमाला निरोप धाडणार, भावा. 'येतुय, पाट मांडून ठेवा.'"

एकदा फोरमनला जाऊन म्हणाले, "सायेब, उद्या मी येनार न्हाई."

"काय होतंय? ताप?"

"ताप न्हाई. पोरीला बघाया यनार हायती."

फोरमन भला माणूस. म्हणाला, "अरे बाबा, ताप म्हण. तापाची रजा मांडता येते, सोयरिकीची नाही."

"ताप आला की ताप म्हनीन."

तो दिवस बिनपगारी गेला. पोरीला बघायला आलेल्यांनाही त्यांनी चहा हातात देतानाच सांगितलं, की मुलगी डाव्या कानानं कमी ऐकते. सोयरीक मोडली. जैनबी आठ दिवस बोलल्या नाहीत. अशा माणसाच्या शेजारी राहणं सोपं नसतं, हेही लिहिलं पाहिजे. त्यांच्यासमोर आपण आपलं नेहमीचं लहानसहान खोटं बोलायला लागलो की ते मोठं दिसू लागायचं. पुष्कळजण त्यांना टाळायचे. मी टाळत नव्हतो, कारण मला वाटायचं की मी त्यांच्यासारखा आहे.

लछमनची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. लछमन छावणीतला, सिंधमधून आलेला. येताना वाटेत त्याचं कोण कोण गेलं हे त्यानं कधी सांगितलं नाही. पण हसनभाई दिसले की तो जमिनीवर थुंकायचा. ज्या माठाला त्यांनी हात लावला त्या माठाचं पाणी पीत नसे. पोरांना ते बघायची गंमत वाटायची. हसनभाईंनी एकदा काम सुटताना त्याला गाठलं.

"लछमनभाऊ, उद्यापासनं मी तुमच्या शेजारी बसून जेवनार हाय. तुमी उठून गेलात तरी चालंल. आधी सांगून ठेवतु."

ते सगळ्यांना 'तुमी' म्हणायचे. कोळसा ओढणाऱ्या पोरालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ते भाकरीचं फडकं घेऊन शेजारी बसले. लछमन शिवी देऊन उठला. तिसऱ्या दिवशी उठला. कितीतरी दिवस उठत राहिला. हसनभाई त्याच्यामागे जायचे नाहीत, तो उठला की तिथेच एकटे जेवायचे. मग उन्हाळ्यात एके दिवशी भट्टी फार तापली होती. लछमन भिंतीला टेकून बसला होता, आणि हसनभाई येऊन बसले तरी उठला नाही. बहुधा उठायची ताकदच नव्हती. पुढे तो उठेनासाच झाला. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. पण मिरची संपली तर त्यांच्या फडक्यातली उचलायचा.

आता त्या संपाकडे यायला हवं.

वितळलेलं लोखंड सांडून भट्टीवरच्या एका पोराचा पाय घोट्यापर्यंत भाजला. चामड्याचे बूट द्या, एवढीच आमची मागणी होती. कंपनी हो म्हणायची आणि बूट यायचे नाहीत. युनियन नवी होती. शेळके अध्यक्ष, मी सेक्रेटरी, कारण मला अर्ज लिहिता यायचे, आणि भट्टीवाल्यांच्या वतीनं हसनभाई. शेळक्यांचा आवाज मोठा होता आणि मनही वाईट नव्हतं. त्यांनी डाव टाकला. भट्टी पूर्ण भरलेली, लोखंड वितळलेलं, अशा ऐन वेळी सगळ्यांनी हत्यारं टाकून बाहेर पडायचं. लोखंड आत थिजलं की भट्टी फोडल्याशिवाय ते निघत नाही. "मग बघा साहेब कसा गुडघ्यावर येतो, राव," शेळके म्हणाले. सगळं अर्थातच गुपित ठेवून.

हसनभाई बैठकीला होते. संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. आसपास कोणी नव्हतं.

"कारकून, भट्टी भरल्यावर आपन भाईर पडलो तर सायेब काय करंल?"

"काय करणार? डोक्याला हात लावेल."

"न्हाई. लोखंड थिजायच्या आधी काढाया ठेकेदाराची मानसं लावंल. त्यास्नी भट्टी ठावं न्हाई. कुनाचा तरी पाय जानार. आपन बूट मागाया दुसऱ्याचा पाय भाजायचा व्हय?"

ते खरं होतं, आणि मला ते सुचलं नव्हतं.

"उद्या सकाळी मी सायबाला सांगनार, परवा आमी काम बंद करनार, भट्टी पेटवू नगा. तुमी सेक्रेटरी. म्हनून तुमाला आधी इचारतो. न्हाई म्हना, मी कमिटी सोडतो आन् मग सांगतो. पन इचारल्याबिगार जानार न्हाई."

मी म्हणालो, "जा. सांगा." एवढंच नाही. मी असंही म्हणालो, "तुम्ही बरोबर आहात, हसनभाई. शेळक्यांना मी समजावतो."

शेळक्यांना मी समजावलं नाही. त्या रात्री गेलो नाही, दुसऱ्या दिवशीही वेळ टाळत राहिलो. उद्या सांगू, तोंडावर आलं की सांगू. इतकी साधी गोष्ट. खरं सांगायचं तर मी शेळक्यांना घाबरत होतो आणि हसनभाईंना घाबरत नव्हतो.

साहेबानं जे करायचं ते केलं. भट्टी पेटवली नाही, आणि संपाच्या सकाळी गेटला कुलूप, बाहेर पोलीस. थंड भट्टीपुढे आमचा डाव काय चालणार? काही दिवसांत लोक बूट न घेताच परत जायच्या गोष्टी करू लागले. त्या सगळ्यात कुणाचाही पाय भाजला नाही. पण न भाजलेला पाय कुणाला दिसत नाही.

गेटबाहेर बाभळीखाली सभा भरली. शेळके दगडावर उभे राहिले. "आपल्यातलाच कुणीतरी फितूर आहे! साहेबाला आधी कळलं कसं?"

लोक एकमेकांकडे बघायच्या आत हसनभाई उभे राहिले. "म्या सांगितलं."

क्षणभर कुणाचा विश्वासच बसेना. फितूर असा हात वर करून उभा राहत नसतो.

"कुणाला विचारून?" शेळके ओरडले.

"सेक्रेटरीला इचारलं हुतं. त्ये म्हनले, जा."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. शेळके दगडावरून उतरून माझ्यापुढे आले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. विनवणी होती, तू तरी नाही म्हण, अशी. "काय रे? तुला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

त्या एका शब्दानं भागलं असतं. पण कुठून तरी कुजबुज आली, "एवढंच का बोलतुय कारकून?" आणि मी आणखी बोललो. "मला त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. कशाला बोलतायत असं, कळत नाही."

हसनभाई माझ्याकडे बघत राहिले. अंगठा पेरावर फिरत होता. मला वाटलं, आता म्हणतील, कारकून खोटं बोलतोय. त्यांच्या बाजूनं बोलणारं होतं तरी काय? आयुष्यभर खरं बोलल्याची ख्याती? ती मी नुकतीच संपवली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांची जातच तसली." मला तो आवाज ओळखू आला होता. चांगला माणूस होता, माझ्याकडून पेपर वाचून घ्यायचा. मला हेही कळलं, की माझं 'नाही' इतक्या लवकर खरं का मानलं गेलं. माझं आडनाव त्यांच्यातलं होतं. नाही म्हणण्याआधीच मला ते ठाऊक होतं. ही गोष्ट मी स्वतःशीसुद्धा फार उशिरा कबूल केली.

चप्पल आली ती त्यांच्या खांद्याला लागली. दुसरीनं टोपी पडली. त्यांनी हात वर करून तोंड झाकलं नाही. गर्दीतून लछमन पुढे आला, वाकला, टोपी उचलून झटकली आणि त्यांच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबू, सच बोल ना. ये आदमी झूट नहीं बोलता. मेरे को मालूम है."

मी पायाकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी हसनभाई चिंचवडात माझ्या खोलीवर आले. दार उघडून मी बाजूला झालो, पण ते आत आले नाहीत. सायकल हातात धरून उंबऱ्यापाशी उभे राहिले.

"आधी सांगून ठेवतु," ते म्हणाले. "तुमाला म्हाईत हुतं, हे मी आता फिरून कुनाला सांगनार न्हाई. एक डाव सांगितलं ते खरं. दोन डाव सांगितलं की त्ये भांडान. पन तुमी सांगाल. तवर मी थांबतु."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी विचारलं, "आणि नाही सांगितलं तर?"

"तरी थांबतु. थेरगाव काय लांब हाय व्हय?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी कितीदा शोधला आहे. त्यांना खरंच वाटत होतं की मी सांगेन, जसं त्यांना वाटलं होतं की लछमन कधीतरी उठणार नाही.

कामावर परत गेल्यावर भट्टीवाले त्यांच्याबरोबर बादली धरायला तयार होईनात. वितळलेल्या लोखंडाची बादली दोघांनी मिळून उचलावी लागते. एकानं मनात राग धरला तर दुसरा जळतो. हसनभाईंना हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी फोरमनला आदल्या दिवशी सांगितलं, उद्यापासून येणार नाही, आणि आले नाहीत. थेरगावात सायकली दुरुस्त करू लागले. तिथेही 'फितूर' हा शब्द त्यांच्या आधी पोचला होता. जैनबी पाणवठ्यावर एकट्या जायच्या, एवढं माझ्या कानावर आलं. पोरीचं लग्न लांब खेडच्या बाजूला झालं, जिथे आमची कंपनी कुणाला माहीत नव्हती.

मी अनेकदा थेरगावच्या अलीकडच्या नदीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. याचा उल्लेख मला करायचा नव्हता. परत फिरण्याला काही किंमत नसते.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी युनियनला मान्यता मिळाली. बूटही आले. त्याच बाभळीखाली मांडव घातला, हारतुरे झाले. शेळक्यांचं भाषण झालं, मग माझं. मी बोलायला उभा राहिलो आणि मला मागे, मांडवाच्या शेवटच्या खांबाशी, गोल टोपी दिसली. हसनभाई बसले नव्हते. सायकल एका हातात धरून उभे होते. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार की आज सेक्रेटरी बोलणार आहेत, आणि त्यांना वाटलं असणार की आज.

माझं वाक्य तयार होतं. ते किती दिवस तयार होतं. 'त्या पहिल्या संपात हसनभाईंनी मला विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो.' पुढे बसलेल्या भट्टीवाल्यांच्या पायांत नवे बूट होते. हे वाक्य त्या बुटांसमोर म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पहिल्या संपात आपल्याला दगा झाला, पण आपण खचलो नाही." टाळ्या पडल्या. नाही म्हणण्याची मला गरज नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. तरी मी ते पुन्हा म्हणालो, निराळ्या शब्दांत, हार घालून.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मांडव मोकळा झाला तेव्हा मी गळ्यातला हार काढत बाहेर आलो. ते रस्त्याच्या कडेला सायकलला टेकून उभे होते. आजूबाजूला माणसं होती, म्हणून त्यांनी नाव घेतलं नाही, विषय काढला नाही.

"आज न्हाई व्हय?" एवढंच विचारलं. एखाद्या दुकानदाराला विचारावं, माल आला नाही का, तसं.

मी मान हलवली.

"बरं," ते म्हणाले, आणि सायकल घेऊन नदीच्या उताराकडे निघाले. त्यांच्या टोपीवर मांडवातली एक पाकळी पडली होती, ती तशीच राहिली होती. चार पावलं ते गेले असतील, तोच माझ्या तोंडून निघालं, "हसनभाई, उद्या. उद्या सांगतो."

हळूच म्हणालो होतो. पण ऐकू गेलं असावं. मागे न बघता त्यांनी उजवा हात वर केला, पाहुण्याला 'या, वाट बघतो' म्हणताना करतात तसा, आणि उतारावरून खाली गेले.

मी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. जगात एवढी एकच गोष्ट होती जिच्यावर त्यांनी कधी शंका घेतली नसती.